लॅपटॉप, पीएलसी आणि वायफाय: केबल काढली की नेमकं काय जातं?

पीएलसीला लॅपटॉप वायफायनं जोडता येतो का, हा प्रश्न मला विचारणारे बहुतेक जण अंधेरी एमआयडीसी, साकीनाका किंवा मुलुंडच्या एखाद्या गाळ्यात मेंटेनन्सचं किंवा ऑटोमेशनचं काम करणारे असतात. उत्तर सोपं आहे: येतो. साधा घरगुती राउटरही पुरतो, आणि अर्ध्या तासात जोडणी होते. मग त्यावर अख्खा लेख कशाला? कारण लॅपटॉप आणि पीएलसीच्या मधली ती तीन मीटरची केबल फक्त डेटा नेत नव्हती. ती आणखी दोन कामं गुपचूप करत होती. लॅपटॉप धरणारा माणूस कोण, हे ती ठरवत होती, कारण जोडायचं तर गाळ्यात शिरून पॅनेल उघडावं लागायचं. आणि तो माणूस कुठं उभा आहे, हेही तीच ठरवत होती, कारण तीन मीटरच्या पुढं जाताच येत नव्हतं. ही दोन कामं कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली नसतात. त्यामुळे केबल काढताना ती कामं आता दुसऱ्या कुणाकडं द्यायची, हा विचारही कुणी करत नाही.

ज्यांचा पीएलसीशी रोजचा संबंध आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. पूर्वी एखादी मोठी मशिन चालवायची तर रिलेंनी भरलेली कपाटंच्या कपाटं लागायची, आणि मशिनचं काम जरा बदलायचं म्हटलं की वायरमन बसून वायरी बदलायचा. १९६८ साली अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला, आणि त्यातून ‘मॉडिकॉन ०८४’ हा सुरुवातीचा पीएलसी आला. कल्पना अशी की रिले राहू द्या कागदावर, त्यांचं काम एक छोटा संगणक करेल. हा संगणक एकच गोष्ट अखंड करत राहतो: सेन्सर आणि बटणं वाचायची, प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत चालवायचा, मोटर आणि व्हॉल्व्हला हुकूम द्यायचे, पुन्हा पहिल्यापासून. या एका फेरीला स्कॅन म्हणतात, आणि ती साधारण काही मिलिसेकंदांपासून काही दहा मिलिसेकंदांत होते. तुम्ही कारखान्यात जात नसलात तरी पीएलसी तुमच्या आसपास आहे. एलबीएस मार्गावर भांडुप-मुलुंडचे मोठे कारखाने एकेक करून गेले, तिथं टॉवर आणि मॉल आले. पीएलसी काही गेले नाहीत, ते टॉवरच्या तळघरात गेले. पाण्याचे पंप, सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट, एसीचा चिलर, अशा ठिकाणी राखाडी पॅनेलच्या आत हीच पेटी बसलेली असते.

आता लोकांना केबल का नको असते, ते बघू. कारणं आळसाची नाहीत. उपनगरातल्या गाळ्यात जागा इतकी कमी की पॅनेल हमखास माळ्यावर, नाहीतर मशिनच्या मागं भिंतीला चिकटून. लॅपटॉप स्टुलावर ठेवून एक जण माळ्यावर बसतो, दुसरा खाली सेन्सरजवळ, आणि ‘लागला का?’ ‘लागला!’ असा आरडाओरडा चालू. वायफाय असेल तर एकच माणूस लॅपटॉप घेऊन सेन्सरजवळ उभा राहतो, हात लावतो, स्क्रीनवर बिट बदललेला बघतो, संपलं. दुसरं कारण तर सुरक्षेचं आहे. आपल्याकडच्या लहान पॅनेलमध्ये पीएलसी आणि ४१५ व्होल्टचा थ्री फेज सप्लाय एकाच कपाटात असतात. केबल लावायला दार उघडायचं म्हणजे चालू कॉन्टॅक्टरच्या शेजारी हात घालायचा. दार बंद ठेवून काम होत असेल तर ते चांगलंच आहे. म्हणून ‘वायफाय नकोच’ असं सरसकट सांगणारे सल्लागार मला पटत नाहीत. ते सांगून निघून जातात, आणि मेंटेनन्सवाला त्यांच्या पाठीमागं राउटर लावतोच.

तर लावायचाच आहे तर नीट कसा?

पीएलसीला इथरनेट पोर्ट असेल तर काम सोपं. राउटर पॅनेलशी जोडायचा, त्याच्या लॅन पोर्टमधून पीएलसीला पॅच कॉर्ड. इथं पहिली ठेच लागते ती पोर्टची. राउटरवर वेगळ्या रंगाचा एक वॅन पोर्ट असतो, इंटरनेटच्या वायरसाठी. पुष्कळ जण पीएलसीची वायर त्यातच घालतात. मग लॅपटॉप एका नेटवर्कमध्ये आणि पीएलसी दुसऱ्या, मध्ये राउटर भाषांतर करत बसलेला, आणि सॉफ्टवेअरमधलं ‘डिव्हाइस शोधा’ हे बटण काहीच शोधत नाही, कारण त्या शोधाची हाक एकाच नेटवर्कपुरती असते. राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका, म्हणजे तो मधला शहाणपणा सोडून नुसता हवेतला स्विच होतो.

दुसरी ठेच पत्त्याची. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये नवा पीएलसी घेतला की तो आपणहून १९२.१६८.०.१ हा आयपी पत्ता धरतो. बाजारातल्या अनेक घरगुती राउटरचा स्वतःचा पत्तासुद्धा नेमका हाच असतो. एकाच मजल्यावर दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमनचं जे होईल तेच लॅपटॉपचं होतं: कधी पीएलसी सापडतो, कधी राउटरचं पान उघडतं. लोक तासभर वायफायला शिव्या देतात, आणि दोष असतो पत्त्याचा. राउटरचा पत्ता बदला, लॅपटॉपला हातानं ठरलेला पत्ता द्या, आणि तीनही पत्ते कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

तिसरी गोष्ट अँटेनाची. लोखंडी पॅनेलमध्ये राउटर ठेवून दार लावलं की रेडिओ लहरी आतच घुमतात. बाहेर जे काही पोचतं ते फटींतून. अँटेना दाराबाहेर किंवा पॅनेलच्या वर हवी. याच्या जोडीला एक समज सगळीकडे ऐकू येतो, की ड्राइव्हचा नॉइज वायफायला मारतो. व्हीएफडीचं स्विचिंग काही किलोहर्ट्झवर चालतं आणि वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर. मधलं अंतर इतकं प्रचंड आहे की ड्राइव्हचा कचरा वायफायच्या पट्ट्यापर्यंत पोचेपर्यंत फारसा उरत नाही. तो त्रास देतो तो शिल्ड नसलेल्या सिग्नल केबलला, खराब अर्थिंगला आणि स्वस्त पॉवर सप्लायला. वायफायचे खरे वैरी दोन: लोखंड, आणि शेजाऱ्यांचं वायफाय.

जुना पीएलसी असेल, ज्याला फक्त आरएस-२३२ किंवा आरएस-४८५चा सिरियल पोर्ट आहे, तर गोष्ट जास्त मजेची होते. लॅमिंग्टन रोडला सिरियल-टू-वायफाय कन्व्हर्टर मिळतात. लावले की कधी चालतं, कधी ‘टाइमआउट’. का? मॉडबस आरटीयू या जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत निरोप संपला हे कळण्यासाठी कुठलंही चिन्ह नाही. नियम असा की साडेतीन अक्षरांच्या वेळेइतकी शांतता पसरली की निरोप संपला. ९६००च्या वेगावर एका अक्षराला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ही शांतता फक्त ४ मिलिसेकंदांची. वायफायनं निरोपाचे दोन तुकडे केले आणि दुसरा तुकडा ५ मिलिसेकंद उशिरा आला, तर पीएलसीच्या दृष्टीनं ते दोन अर्धवट निरोप. दोन्ही कचऱ्यात. केबलवर हा प्रश्न कधीच आला नव्हता, कारण तांब्यातून अक्षरं एकामागून एक सलग यायची. चांगल्या कन्व्हर्टरमध्ये यासाठी ‘पूर्ण निरोप साठवून मग पाठव’ अशी सेटिंग असते. ती शोधा, आणि सॉफ्टवेअरमधला टाइमआउट वाढवा.

हे ५ मिलिसेकंद येतात कुठून? हा माझ्या संशोधनाचा विषय, त्यामुळे इथं जरा रेंगाळतो.

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, साधारण २१ मिनिटं. पाऊस असो, गणपती असो, २१ची फार तर २५ होतील. हेच अंतर साकीनाक्यावरून बसनं काटायचं म्हटलं तर रविवारी सकाळी आरामात जाल, आणि सोमवारी संध्याकाळी किती वेळ लागेल हे चालकही सांगू शकणार नाही. इथरनेटची केबल मेट्रोसारखी आहे, वायफाय साकीनाक्याच्या रस्त्यासारखं. वायफायमध्ये ‘आधी ऐक, मग बोल’ हा नियम आहे. हवेत दुसरं कुणी बोलत असेल तर थांबायचं, ते संपल्यावर ० ते १५ मधला एखादा आकडा मनात धरायचा, तेवढे छोटे ठोके मोजायचे, प्रत्येक ठोका ९ मायक्रोसेकंदांचा, आणि मग बोलायचं. दोघं एकदम बोलले तर टक्कर. पुढच्या वेळी आकडा ० ते ३१ मधला, मग ६३, असं करत १०२३पर्यंत. आणि मोजत असताना तिसऱ्यानं बोलायला सुरुवात केली तर मोजणी तिथंच गोठते. घाटकोपरच्या एखाद्या गाळ्यात लॅपटॉप उघडून आसपासची वायफाय नावं मोजून बघा. वरच्या मजल्यावरची ऑफिसं, समोरची सोसायटी, खालच्या चहावाल्याचा हॉटस्पॉट, सगळे त्याच हवेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सरासरी उशीर दोन-तीन मिलिसेकंद दिसेल, आणि मधूनच एखादा निरोप कितीतरी मागं पडेल. संशोधनात आम्ही सरासरीकडे बघतच नाही. आमचं सगळं भांडण त्या एखाद्या उशिरा आलेल्या निरोपाशी आहे.

पण थांबा, घाबरण्याआधी एक फरक समजून घ्या, कारण इथं पुष्कळ जण गोंधळतात. लॅपटॉपचं वायफाय तुटलं म्हणून मशिन थांबत नाही. प्रोग्रॅम पीएलसीच्या पोटात आहे, त्याचे स्कॅन चालूच राहतात. लॅपटॉप म्हणजे नुसती खिडकी. खिडकी बंद झाली, आत कारखाना चालू आहे. पीएलसी आणि त्याचे दूरचे इनपुट-आउटपुट यांच्यामधलीच तार काढून तिथं वायफाय घातलं, तर मात्र मशिन थांबेल. प्रोफिनेटमध्ये बहुधा लागोपाठ तीन फेऱ्या चुकल्या की पीएलसी समोरचं यंत्र गेलं असं धरतो. असं मोठ्या प्रमाणावर घडलेलं उदाहरण चीनमधलं. नोव्हेंबर २०१२मध्ये शेनझेनच्या मेट्रो गाड्या मध्येच थांबू लागल्या. त्यांची सिग्नल यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झवर गाड्यांशी बोलायची, आणि डब्यातल्या प्रवाशांचे खिशातले हॉटस्पॉट त्याच पट्ट्यात होते. निरोप पोचेना, म्हणून यंत्रणेनं करायला हवं तेच केलं: गाडी थांबवली.

म्हणजे उशिरामुळे लॅपटॉपचं काम फार तर वैतागवाणं होतं. खरा धोका आहे तो सुरुवातीला सांगितलेल्या दोन कामांत. माणूस कुठं आहे, आणि माणूस कोण आहे.

‘कुठं’ आधी घेऊ. लॅपटॉपवरून पीएलसीशी तुम्ही तीन प्रकारची कामं करता, आणि ती एकाच खिडकीत शेजारी शेजारी असल्यामुळे सारखीच वाटतात. पहिलं, नुसतं बघणं. कुठला सेन्सर लागला, कुठला काउंटर कितीवर आहे. यात कुणाला इजा होत नाही. दुसरं, प्रोग्रॅम बदलून टाकणं. यात मशिन थांबू शकते, आणि मध्येच जोडणी तुटली तर पीएलसी थांबलेलाच राहू शकतो. म्हणून प्रोग्रॅम टाकायला आणि विशेषतः फर्मवेअर बदलायला केबलच वापरा, इथं हट्ट नको. तिसरं, फोर्स. सेन्सर काहीही म्हणो, तू हा बिट १च धर, असा हुकूम. कमिशनिंगच्या वेळी फोर्सशिवाय चालत नाही.

आता समजा, साकीनाक्याच्या एका गाळ्यात कन्व्हेअर आहे. गार्डचा लिमिट स्विच बिघडला म्हणून ऑटोमेशनवाल्यानं त्याचा इनपुट फोर्स करून मशिन चालवून बघितली. बाहेर फोन आला म्हणून तो लॅपटॉप घेऊनच जिन्यात गेला. वायफाय तुटलं. त्याला वाटलं, जोडणी गेली म्हणजे फोर्सही गेला. तसं होत नाही. अनेक पीएलसींमध्ये फोर्स पीएलसीच्या आत राहतो. लॅपटॉप बंद करा, घरी घेऊन जा, फोर्स तिथंच. काहींमध्ये तर सप्लाय बंद-चालू करूनही. आता गार्ड उघडा आहे, पीएलसीच्या मते तो बंद आहे, आणि अडकलेला खोका काढायला ऑपरेटर आत हात घालतोय. केबल असती तर हा माणूस जिन्यात गेलाच नसता. निदान लॅपटॉप मशिनशेजारी उघडा राहिला असता आणि कुणी तरी ‘अरे, हे काय लाल दिसतंय’ म्हटलं असतं.

म्हणून माझा आग्रह असा: जिथून मशिन डोळ्यांना दिसत नाही तिथून फक्त बघायचं. फोर्स करायचा तर मशिनसमोर उभं राहून, पॅनेलवर पाटी लावून, आणि निघताना फोर्सची यादी रिकामी झाल्याचं स्वतः बघून. इमर्जन्सी स्टॉप नेहमी वायरनं, लाल बटणावर. लॅपटॉपच्या स्क्रीनवरचं लाल बटण हे चित्र आहे, स्टॉप नव्हे.

आता ‘कोण’. मॉडबस १९७९चा. तेव्हा नेटवर्क म्हणजे एका कारखान्यातली एक तार, आणि त्या तारेपर्यंत पोचलेला माणूस आपलाच, असं गृहीत होतं. नंतर हाच मॉडबस इथरनेटवर आणला गेला. त्यात एखादं आउटपुट चालू करायचा पूर्ण हुकूम १२ बाइटचा आहे. कुणासाठी, कुठलं आउटपुट, चालू की बंद, एवढं त्यात मावतं. पाठवणारा कोण यासाठी जागाच नाही. पासवर्ड चुकला असं होत नाही, कारण पासवर्ड विचारलाच जात नाही. नव्या पीएलसींमध्ये पासवर्ड आणि एन्क्रिप्शन आलं आहे, ते जरूर चालू करा. पण आपल्याकडे मशिन वीस-वीस वर्षं चालतात, आणि सेकंडहँड मशिनबरोबर आलेल्या पीएलसीला कोण बदलतो?

म्हणजे अशा पीएलसीसमोर राउटर लावला की वायफायचा पासवर्ड हेच एकमेव कुलूप उरतं. आणि हा पासवर्ड बहुधा राउटरच्या पोटावर मार्करनं लिहिलेला असतो, एक ते आठ आकडे ओळीनं. रेडिओ लहरींना गाळ्याची भिंत कळत नाही, जिना कळत नाही, खालचा रस्ता कळत नाही.

हे सगळं कल्पनेतलं वाटत असेल तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधलं मरूची शायर प्रकरण बघा. माझ्या विषयातला कुणीही अभ्यासक या प्रकरणापासूनच सुरुवात करतो. तिथं सांडपाण्याची १४२ पंपिंग स्टेशनं होती आणि ती रेडिओवरून चालवली जायची. २०००च्या सुरुवातीला विचित्र बिघाड सुरू झाले. पंप चालायला हवे तेव्हा चालेनात, अलार्म यायला हवेत तेव्हा येईनात, मध्यवर्ती संगणकाचा स्टेशनांशी संपर्क तुटे. इंजिनीअरांना वाटलं, नवी यंत्रणा आहे, कुठं तरी दोष राहिला असेल. एका इंजिनीअरनं निरोपांची नोंद ठेवायला सुरुवात केली. बरेच विचित्र निरोप १४ नंबरच्या स्टेशनच्या नावानं येत होते, पण तिथं जाऊन बघितलं तर यंत्र ठणठणीत. मग त्यानं एक साधी युक्ती केली. १४ नंबरच्या स्टेशनचा नंबरच बदलून ३ केला. आता खऱ्या स्टेशनचे निरोप ३च्या नावानं यायला हवेत. १४च्या नावानं जो बोलेल तो तोतया. आणि १४ बोलतच राहिला.

२३ एप्रिल २००० रोजी पोलिसांनी एक गाडी अडवली. गाडीत लॅपटॉप, रेडिओ सेट आणि पंपिंग स्टेशनांत असतो तसाच एक कंट्रोलर. माणसाचं नाव व्हिटेक बोडन. ही यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराकडे तो पूर्वी कामाला होता, नंतर त्यानं नगरपालिकेत नोकरी मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेलं. २००१मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

यात फार हुशारीचं काहीच नाही हे लक्षात घ्या. त्यानं कुठलं कुलूप तोडलं नाही. यंत्रणेला तो आपलाच वाटला, कारण त्याच्याकडे तेच सॉफ्टवेअर आणि तोच रेडिओ होता. पंप वेळेवर चालू होणं म्हणजे काय, हे २६ जुलै २००५ नंतर आपल्या उपनगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मुंबईच्या संदर्भात हा विषय निघाला की कुणी तरी १२ ऑक्टोबर २०२० काढतंच. सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास शहरभर वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. फेब्रुवारी २०२१च्या अखेरीस ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकी कंपनीनं भारतीय वीज यंत्रणांमध्ये चीनशी संबंधित गटाच्या शिरकावाबद्दल अहवाल दिला, १ मार्चला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर हल्ल्याची शक्यता बोलून दाखवली, आणि केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी कारण मानवी चूक असल्याचं सांगितलं. दोन्ही सरकारांचं एकमत झालं नाही. मी या वादात पडत नाही, कारण गाळ्यातल्या किंवा तळघरातल्या पीएलसीला परदेशी गटाची गरजच नाही. त्याला गेल्या वर्षी सोडून गेलेला, पासवर्ड माहीत असलेला एक नाराज माणूस पुरेसा आहे.

मग करायचं काय? मला सगळ्यात आवडलेला उपाय हजारो वर्षं जुन्या तंत्राचा आहे: किल्ली. लोहार चाळीत किल्लीचा सिलेक्टर स्विच मिळतो. पॅनेलच्या दारावर तो बसवा आणि ॲक्सेस पॉइंटचा सप्लाय त्यातून न्या. मध्ये एक ऑन-डिले टायमर, एक तासावर लावलेला. त्याच्या एनसी कॉन्टॅक्टमधून सप्लाय गेला की तासाभरानं वायफाय आपोआप बंद, आणि किल्ली मागं फिरवून पुन्हा चालू केल्याशिवाय परत येणार नाही. सोबत एक पिवळा दिवा, वायफाय चालू असताना पेटणारा. म्हणजे जोडायचं तर कुणाला तरी मशिनपर्यंत चालत यावंच लागेल, आणि कुणी जोडलंय हे ऑपरेटरला दिवा बघून कळेल. केबलची दोन्ही कामं बऱ्यापैकी परत मिळाली, आणि पॅनेलचं दारही बंद राहिलं.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. हा ॲक्सेस पॉइंट फक्त पीएलसीसाठी, ऑफिसच्या वायफायशी आणि इंटरनेटशी त्याची गाठ नको. डब्ल्यूपीए२ किंवा ३, लांब पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद. ५ गिगाहर्ट्झ मिळत असेल तर तोच घ्या. गर्दी कमी आणि भिंतीपलीकडे कमी पोचतो, जे इथं आपल्या फायद्याचंच. माणूस बदलला, ठेकेदार बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदला. पीएलसीवर रन-रिमोट-प्रोग्रॅम अशी किल्ली असेल तर काम झालं की ती रनवर फिरवून काढून घ्या. २०१७मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ‘ट्रायटन’ नावाचं मालवेअर थेट सुरक्षा कंट्रोलरमध्ये शिरलं, तेव्हा त्याची किल्ली प्रोग्रॅमवरच राहिलेली होती. आणि हो, तो लॅपटॉप. प्रोग्रॅमिंगच्या लॅपटॉपवर सिनेमे, पेन ड्राइव्ह, भाच्याचे गेम नकोत. २०१०मध्ये उजेडात आलेला ‘स्टक्सनेट’ पीएलसीपर्यंत पोचला तो प्रोग्रॅमिंगच्या संगणकावरूनच, आणि तिथं वायफायचा संबंधही नव्हता.

गाळा नसलेल्या, टॉवरमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी शेवटचं. कधी तरी सेक्रेटरींना घेऊन तळघरात उतरा आणि पंपांचं किंवा एसटीपीचं पॅनेल बघा. वरच्या बाजूला छोटी काळी अँटेना दिसली तर आत बहुधा सिम कार्डवर चालणारा राउटर आहे. ठेकेदाराला आपल्या ऑफिसात बसून प्लांट बघता यावा म्हणून लावलेला. सोय चांगली आहे, रात्री पंप अडकला तर तो तिथूनच सांगू शकतो. पण त्याला चार गोष्टी विचारा: त्याला तिथून फक्त दिसतं की पंप चालू-बंदही करता येतात, पासवर्ड किती जणांकडे आहे, मागच्या ठेकेदारानं जाताना तो बदलला होता का, आणि ते सिम कुणाच्या नावावर आहे. उत्तरं लेखी घ्या आणि एएमसीच्या फायलीला लावून ठेवा.